एकाच घरात दोनदा सात

मीडियम वेव्ह (रेडिओचा जुना, दूरवर पोचणारा पट्टा) बंद करा, अ‍ॅप आहे की, असं म्हणतात काही जण. आमच्या घरी बघा: सकाळी रेडिओवर सातचे पिप्स (वेळ सांगणारे टूं-टूं) वाजतात, ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरवर ते ऐकून आई कुकरखालचा गॅस बंद करते आणि अर्ध्या मिनिटानं माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये पुन्हा सात वाजतात! आधी एन्कोडिंग, मग सर्व्हर, मग बफरिंग... वेळ सांगायचं काम ज्याचं, तोच उशिरा उगवतो. घाटात रेंज गेली की गोल फिरणारं चक्र बघत बसा. वर लॉगिन करा, अपडेट करा. अहो, बातम्या ऐकायच्यात, बँकेत खातं नाही उघडायचं!

बरं, मीडियम वेव्हवर डिजिटल प्रसारणही आहे, डीआरएम नावाचं, पण त्याला वेगळा रिसीव्हर लागतो. आवाज स्वच्छ, मान्य. पण तो रिसीव्हर मागितला तर दुकानदार असा बघतो, जणू ग्रामोफोनची पिन मागितली. आणि सिग्नल जरा पडला की खरखर नाही, काही नाही, थेट मौनव्रत.

आईचं डबडं खरखरतं, मिक्सर लावला की किंचाळतं, स्टेशन नीट लागायला आडवं फिरवावं लागतं (आतली फेराइटची कांडी, म्हणजे त्याची अँटेना, दुसरं काय). पण बोलतं! दोन सेलवर. मीडियम वेव्ह बंद करा म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात वीज गेल्यावर आमच्याकडे येऊन बसावं एकदा. चहा मी देतो.