दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

आपण महासत्ता असाल आणि अणुबॉम्बच्या धास्तीमुळे प्रतिस्पर्ध्याशी समोरासमोर लढणे परवडत नसेल, तर खचून जाण्याचे कारण नाही. नुकताच स्वतंत्र होऊ घातलेला एखादा देश शोधावा. जमिनीखाली तेल आणि हिरे असल्यास दुधात साखर. आफ्रिकेतील अंगोलाइतका सोयीचा नमुना दुसरा मिळणे कठीण.

जुना मालक घाईत असावा, ही पहिली अट. 10 नोव्हेंबर 1975 रोजी राजधानी लुआंडामध्ये शेवटच्या पोर्तुगीज उच्चायुक्तांनी एकाही अंगोलन पक्षाचा प्रतिनिधी समोर नसताना सत्ता 'अंगोलाच्या जनते'कडे सोपवल्याचे जाहीर केले, झेंडा उतरवला आणि जहाज गाठले. (याच पोर्तुगालला गोव्यातून हलवण्यासाठी 1961 मध्ये भारताला सैन्य धाडावे लागले होते, चौदा वर्षांत केवढी ही समज!) जनता म्हणजे नेमकी कोण, हे ठरवण्यासाठी एमपीएलए, एफएनएलए आणि युनिटा या तीन संघटना शस्त्रांनिशी तयारच होत्या.

यांपैकी आपला माणूस निवडताना विचारसरणीचा फार बाऊ करू नये. युनिटाचे जोनास साविंबी यांनी गनिमी युद्धाचे धडे माओच्या चीनमध्ये घेतले होते, पुढे त्यांना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने सांभाळले, आणि जानेवारी 1986 मध्ये तर खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी व्हाइट हाऊसमध्ये त्यांचे स्वागत केले. अंगोलातील छुप्या मदतीवर अमेरिकी काँग्रेसने 1976 मध्ये घातलेली बंदी आदल्याच वर्षी उठवलेली असल्याने खांद्यावरून डागायची विमानवेधी स्टिंगर क्षेपणास्त्रे पाठवण्यातही अडचण आली नाही.

तत्त्वासाठी लढत असलात, तरी व्यापाराला धक्का लावू नये. याचा वस्तुपाठ अंगोलाच्या काबिंदा प्रांतात मिळतो. तेथील तेल अमेरिकेची गल्फ ऑइल कंपनी काढत होती. त्याचा पैसा लुआंडाच्या, म्हणजे एमपीएलएच्या, मार्क्सवादी सरकारच्या तिजोरीत पडत होता. त्या सरकारला सोव्हिएत संघ रणगाडे पुरवत होता आणि अमेरिकी भांडवलाच्या त्या तेलक्षेत्राची राखण करायला क्यूबाच्या फिडेल कॅस्ट्रोचे सैनिक होते. 1985 मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो तेथे हल्ल्याच्या बेताने घुसले, त्यांतले दोघे मारले गेले आणि एक पकडला गेला, तेव्हा वॉशिंग्टनचे मित्रच वॉशिंग्टनच्या कंपनीच्या मुळावर उठल्याचे दिसले. अशा वेळी कोण कोणाचा शत्रू, हा प्रश्न पत्रकारांना विचारू देऊ नये.

कंटाळा आला की सन्मानाने निघावे. डिसेंबर 1988 मध्ये न्यूयॉर्कला करार झाला, सुमारे 50 हजार क्यूबन सैनिकांची परतीची सोय लागली, दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील नामिबियाला स्वातंत्र्य मिळाले आणि थोड्याच काळात सोव्हिएत संघ स्वतःच उरला नाही. आपण गेल्यावर युद्ध थांबलेच पाहिजे, असा आग्रह मात्र धरू नये. 1992 च्या निवडणुकीत मागे पडताच साविंबींनी निकाल झुगारून पुन्हा शस्त्र उचलले, आणि परदेशी मदतीची जागा हिऱ्यांनी घेतली. एकेकाळी त्यांच्या बाजूने लढलेले दक्षिण आफ्रिकी सैनिक 1993 मध्ये पगार घेऊन लुआंडा सरकारतर्फे त्यांच्यावरच चालून गेले. फेब्रुवारी 2002 मध्ये साविंबी मारले गेल्यावरच तोफा थांबल्या. तोवर सत्तावीस वर्षे आणि सुमारे पाच लाख माणसे खर्ची पडली होती.

राहता राहिले सुरुंग. ते कोठे पेरले याचे नकाशे जपण्याची कटकट करू नये, कारण वावरात जाणाऱ्या बायका आणि गुरांमागची मुले ती माहिती यथावकाश गोळा करतात. पुढे तेच सुरुंग काढण्यासाठी आपण उदार अनुदान जाहीर करावे आणि त्या समारंभाचे छायाचित्र वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर, शक्यतो रंगीत, छापावे.