गाऱ्हाणं देवळातच घाला

शेजारून रात्री भांडी आपटल्याचा आवाज आला, तर आधी टीव्हीचा आवाज वाढवावा. आपल्या वाडीत बायकोला कोणी मारत नाही, सुना न्हाणीत घसरतात. कोकणातला पाऊसच तसा. मे महिन्यातही घसरतात, त्याला आपण काय करणार?

सकाळी ती पिशवी घेऊन माहेरी निघालीच, तर एसटीच्या थांब्यावर गाठावी. 'गणपती तोंडावर आलेत, चाकरमानी यायचेत, तोवर कळ काढ.' गणपती गेले की शिमगा दाखवावा. मधे भातकापणी असते, मग काजू वेचायचे असतात. ते कोण करणार, हा खरा मुद्दा मात्र मोठ्याने बोलू नये.

तरीही ऐकत नसेल तर देवळात बैठक लावावी. मारणारा पुढे, त्याचे काका मानकरी, आणि जिने मार खाल्ला ती खांबाआड. 'बा देवा म्हाराजा, लेकरांची चूकभूल पोटात घाल!' 'व्हय म्हाराजा!' चूक कोणाची, हे गाऱ्हाण्यात सांगायची पद्धत नाही.

कायद्याचं नाव तेवढं निघू देऊ नका. २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा आला आणि सगळा विचका झाला. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी नवऱ्याबरोबर जिथे नांदली तिथे राहायचा हक्क सुनेला आहे म्हणे. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. अर्ज ती माहेरच्या कोर्टातही करू शकते. वकील फुकट मिळतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर नवऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाबरू नका. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात आहे. 'प्रयत्न' हा शब्द नीट वाचा. तेवढ्यात आपल्या आणखी दोन बैठका होतात.

आणि गेलीच ती कोर्टात, तर पूर्वी सरळ वाळीत टाकता यायचं. आता त्यालाही २०१६चा कायदा आडवा येतो, तीन वर्षांपर्यंत आत. म्हणून ठराव अजिबात लिहू नये. शिमग्याला पालखी तिच्या दारावरून न थांबता पुढे न्यावी. विचारलंच कोणी, तर भोई दमले होते म्हणावं.