रोलर अर्धा उतरवता येत नाही

साकीनाक्याच्या गाळ्यांतली मशिनं उचलून भिवंडी-वसईला नेऊन बसवायची, हा माझा धंदा. त्यामुळे जुना ट्रक घ्यायला निघालेला प्रत्येक जण मला तोच एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवून विचारतो, "भाऊ, हे बरोबर आहे ना?"

मेसेजचा सारांश असा: मशीन वाहायला नवी गाडी कशाला, जुनी सोळा टनी सहा टायरी घ्या. तिच्यात पंधरा टन सहज बसतात; कमी वाटलं तर मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवा, मग जेसीबी असो की रोलर. गाडी घेताना इंजिन ऐका, धूर बघा, किलोमीटर कमी असले की झालं. फिटनेस चालू असेल तर नावावर करायची घाई नको. आणि पंधरा वर्षांच्या गाड्या सरकार बंद करतंय, म्हणून त्या आता मातीमोलाने मिळतायत.

यातलं पहिलं वाक्य मला मान्य आहे. माझ्या दोन्ही गाड्या जुन्याच घेतलेल्या आहेत. मशीन हलवणाऱ्याची गाडी महिन्यातले निम्मे दिवस उभी असते, आणि उभ्या गाडीवर नव्याचा हप्ता परवडत नाही. खोट आहे ती पुढच्या प्रत्येक वाक्यात.

सोळा टनी म्हणजे सोळा टन माल नव्हे. टाटा १६१३ या नावातले पहिले दोन आकडे भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाचे आणि पुढचे दोन ताकदीचे, म्हणजे १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. त्याच हिशेबाने ११०९ म्हणजे अकरा टन आणि नव्वद. एकूण वजनात गाडी स्वतः आली, डिझेल आलं, ड्रायव्हर-क्लीनर आले, साखळ्या आणि जॅकही आले. जुन्या सहा टायरीचं पासिंग, म्हणजे आरसीवर मंजूर एकूण वजन, १६.२ टन. हौद्यासकट रिकामी गाडी सहा टनांच्या आसपास भरते. उरले दहा. २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलचे भार वाढवले तेव्हा दोन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन १८.५ टन झालं, आणि मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच कुठेतरी ऐकलंय. पण आरटीओवाला आणि वजनकाटा बघतात तो तुमच्या आरसीवर छापलेला आकडा, बाजारात ऐकलेला नाही.

दहा टनही पूर्ण हातात येत नाहीत. मशीन वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यात लोखंडी पत्रा टाकलेला असतो. पाच मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जवळजवळ ३९ किलो भरतो, म्हणजे बावीस फुटी हौद्याला सहाशे किलो झाले. हा पत्रा बहुतेक वेळा आरसी बनल्यानंतर टाकलेला असतो, त्यामुळे आरसीतलं रिकामं वजन खोटं ठरतं. म्हणून सौदा करायच्या आधी गाडी रिकामी काट्यावर घाला. दोनशे-चारशे रुपयांत सगळं कळतं. विकणारा काट्यावर यायला कां-कूं करू लागला तर तेही बरंच काही सांगून जातं.

आता रोलर. रस्त्याच्या कामावरचा अकरा टनी रोलर या गाडीत चढवला की एकूण वजन साडेसतरा टनांच्या पुढे जातं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा वजनाला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार आहेत. दंडाचं एक वेळ सोडा. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत, खरी अडचण तिथे आहे. सिमेंटच्या गोण्या असत्या तर तीस-चाळीस उतरवून सुटला असता. रोलर अर्धा कसा उतरवणार? हायड्रा क्रेन मागवा, दुसरी गाडी मागवा, आणि शहरात अवजड गाड्यांच्या प्रवेशाची वेळ टळली तर रात्रीपर्यंत नाक्यावर बसा.

जेसीबीचं उलट आहे. तो साडेसात टनांच्या आसपास, म्हणजे वजनाला बसतो. पण मागचा हात दुमडल्यावरही त्याची उंची साडेतीन मीटरच्या पुढे जाते आणि हौद्याचा तळ जमिनीपासून सव्वा मीटरवर. मालवाहू ट्रकच्या उंचीची मर्यादा चार मीटरची. बेरीज तुम्हीच करा आणि मग पुलाखालच्या हाइट बारकडे बघा. जेसीबी जवळ जायचा तर आपल्या टायरांवर जातो, लांब जायचा तर लो-बेडवर, म्हणजे बुटक्या हौद्याच्या ट्रेलरवर. वीस टनी पोकलेनचा तर इथे विषयच नको.

गाळ्यातल्या मशिनांबद्दल एक इशारा, कारण इथे भलेभले फसतात. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "दीडशे टनी मोल्डिंग मशीन आहे." ते दीडशे टन साचा दाबून धरायच्या जोराचे. मशीन स्वतः पाच टनांच्या आसपास असतं. पॉवर प्रेसचंही तसंच. वजन विचारायचं ते किलोत, आणि नेमप्लेटचा फोटो मागवायचा.

"पाटे वाढवा." पाटा वाढवला की गाडी मागून बसत नाही, एवढंच. भार पुढे जातो तो ॲक्सल हाउसिंगवर, हब बेअरिंगवर, टायरवर आणि चेसिसच्या ज्या ब्रॅकेटवर पाटा अडकवलाय तिथे. यातलं काहीच पाट्याबरोबर वाढलेलं नसतं. ब्रेकचे ड्रम तर जन्माला आले तेवढेच. कसाऱ्याला किंवा खंडाळ्याला भरलेली गाडी उतरवताना ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही, आणि मागे हौद्यात साखळीने बांधलेलं मशीन कॅबिनकडे तोंड करून बसलेलं असतं. जादा पाटे दिसले तर मी त्याला गाडीचा गुण मानत नाही. आधीचा मालक काय काय लादत होता त्याची ती कबुली असते.

"इंजिन ऐका." या वाक्याने मला स्वतःला बुडवलंय. सुरुवातीच्या काळात मी एक सहा टायरी घेतली होती, इंजिन सुरेख, धूर नाही, कॅबिनला नवा रंग आणि चेसिसला चकचकीत काळा. वर्षभरात एका लेथची खेप उतरवली आणि परतताना गाडी तिरकी चालायला लागली. खाली घुसलो तर कॅबिनच्या मागे रिव्हेटजवळून चेसिसला बोटभर भेग. मेकॅनिकने हातोडी मारली तशी काळ्या रंगाखालून गंजाची खपली गळायला लागली. गाडी आधी मासळीला होती, हे मग कळलं. ससून डॉक, भाऊचा धक्का इथून मासळी उचलणाऱ्या गाड्यांतून बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चेसिसवर ठिबकत असतं. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं, पण मी तरी कुठे विचारलं होतं? मी इंजिन ऐकत होतो.

इंजिन खोलून बांधता येतं, कुर्ल्याला त्याचा सुटा भागही मिळतो. चेसिस गेली की गाडी गेली. म्हणून गाडी मागून पुढे बघायची. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट आणि आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट बघा. रिव्हेटभोवती गंजाची गोल रेघ म्हणजे तो ढिला झालाय. वेल्डिंगची रेघ किंवा आतून जोडलेली पट्टी दिसली तर कारण विचारा. ताज्या काळ्या रंगावर हातोडी वाजवा. पुढच्या आणि मागच्या ब्रॅकेटमधले दोन्ही कर्ण दोरीने मोजा. फरक आला तर चेसिस पिळलेली आहे. हवा भरून इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं गेजचा काटा बघत बसा. काटा खाली सरकला तर ब्रेकची हवा कुठेतरी गळतेय. आणि ट्रायल रिकाम्या गाडीची नको. कळंबोलीतले विकणारे रिकामी गाडी सर्व्हिस रोडवर फिरवून आणतात, तिथे बैलगाडीसुद्धा चांगली पळेल. भरलेली गाडी गायमुखच्या चढाला लावा, मग क्लच आणि गिअर काय ते बोलतात.

किलोमीटर मी बघतच नाही. मीटर मागे फिरवता येतो, आणि क्लचच्या पेडलचं झिजलेलं रबर फिरवता येत नाही.

फिटनेसचं सर्टिफिकेट म्हणजे त्या दिवशी गाडी चाचणीला उतरली, इतकंच. आठ वर्षांपुढच्या गाडीला ते दर वर्षी काढावं लागतं, म्हणजे अकरा महिन्यांपूर्वीचंही "चालू"च असतं. कागदांचं "नंतर" मात्र घातक आहे. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून फायनान्सचा बोजा, टॅक्स, परमिट, इन्शुरन्स आणि थकलेली चलनं आधी बघा. बोजा असेल तर बँकेची सही झालेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी लागते. खरेदीनंतर तीस दिवसांत नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. विकणाऱ्यालाही यात ढिलाई परवडत नाही. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात असताना अपघात झाला तरी आरसीवर ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

राहिली पंधरा वर्षांची गोष्ट. वयावरून गाडी बंद करण्याचे ते आदेश दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्याचे. देशभर पंधरा वर्षांनी भंगारात काढायच्या ठरल्या त्या सरकारी गाड्या. खासगी मालकीची गाडी एरवी फिटनेस मिळतोय तोवर चालते. वयाबरोबर त्याची फी तेवढी चढत जाते. तेव्हा "बंद होणार म्हणून स्वस्त" हे खरं नाही. स्वस्त असेल तर सहा टायर बघा. मागचे चार रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, निघाले आणि नवा टायर वीस हजारांच्या आसपास धरला, तर सौद्यात सुटलेले ऐंशी हजार तिथेच परत जातात.

परवा एकाने हाच मेसेज पाठवून एका गाडीचे फोटो टाकले. इंजिनाचे चार, कॅबिनचे सहा, म्युझिक सिस्टिमचा एक. मी त्याला गाडीखालचे फोटो मागितलेत, अजून आले नाहीत.