टाकीचे घाव, पण टाकी कुणाच्या हातात?

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे इतक्यांदा ऐकलंय की त्यातल्या दगडाचा विचार मनात यायला माझी चाळिशी उलटली. घाव बसता बसता तडा गेला म्हणून फेकून दिलेल्या दगडांचं काय? म्हणीत त्यांचा हिशेब नाही.

सातवीत माझी ‘भीड चेपावी’ म्हणून मला आयत्या वेळी भाषणाला उभं केलं गेलं. तिसऱ्या वाक्याला घसा कोरडा, समोर हशा. भीड चेपली नाहीच, पुढची वीस वर्षं माइक दिसला की मी मागची खुर्ची शोधायचे. हेतू चांगला होता, हे आजही मान्य आहे.

1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला (आज वाचतानाही त्रास होतो). दोन गटांना विजेचे धक्के अगदी सारखेच, पण एका गटाला डोक्याने पट्टी दाबून ते थांबवता येत होते. नंतर सुटकेची वाट मोकळी असतानाही दुसऱ्या गटातले बहुतेक कुत्रे धक्के सोसत पडून राहिले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी ‘हतबलता अनुभवातून शिकली जाते’ हे आपलं जुनं स्पष्टीकरण उलटं फिरवलं. त्रास लांबला की हतबल होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे; शिकावं लागतं ते ‘इथे माझं काहीतरी चालतं’ हे. मला सातवीत नेमकी ती पट्टीच मिळाली नव्हती.

म्हणून ‘आमच्या वेळी आम्ही मार खाऊन घडलो’ हे ऐकलं की मी वैतागते. मारहाण, अपमान, घरातली रोजची धास्ती याला सराव म्हणत नाहीत. पण मुलांच्या वाटेतला प्रत्येक खडा उचलणारे आईबापही मला पटत नाहीत, आणि त्यात मी स्वतः आले. कॅरन पार्कर आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डमध्ये माकडांच्या पिल्लांना आठवड्यातून एकदा, फक्त तासभर, आईपासून लांब ठेवलं. असं दहा आठवडे. पिल्लं तेव्हा अस्वस्थ व्हायची, पण पुढे अनोळखी जागी हीच पिल्लं आईला कमी चिकटली आणि जास्त हिंडली. हा अभ्यास 2004 चा. माझ्या मते त्यातली मेख त्या तासात जितकी आहे, तितकीच मधल्या निवांत आठवड्यात आहे.

माझं गाडं रुळावर आलं तेही असंच, हळूहळू. आधी ठरवलं, प्रत्येक मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारायचा, बस्स. काही महिने तेवढंच. मग दोन मिनिटांची माहिती, तीही ओळखीच्या चौघांसमोर. एकदा मध्येच गाडी अडली, तेव्हा महिनाभर पुन्हा प्रश्नांवर आले. मागे यायची मुभा होती, म्हणूनच पुढे गेले. हात अजून गार पडतात.

परवा लेकीला दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची होती. ‘आई, तू बाहेर थांब,’ म्हणाली. काय बोलायचं ते तिने कागदावर लिहून काढलं होतं. मी दाराबाहेर उभी, फोन हिसकावून घ्यायला हात नुसते शिवशिवत होते. तिने बोलून फोन ठेवला आणि मग लक्षात आलं, वार विचारायचाच राहिला. आतून ‘अरे देवा’ ऐकू आलं. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तिने पुन्हा नंबर लावला.