डिझेलचं लोणचं

सोसायटीच्या कमिटीत खातेवाटप होतं तेव्हा ज्याच्या घरी पान्यांची पेटी आहे, त्याच्या गळ्यात जनरेटर पडतो. माझ्या घरी आहे. एरवी जनरेटरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण वीज जाते, लिफ्ट चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबते, आत कुणाचे तरी व्याही असतात आणि जनरेटर दोन आचके देऊन गप्प बसतो, तेव्हा अख्ख्या इमारतीला माझा नंबर पाठ असतो. मिस्त्री येतो, फिल्टरची वाटी सोडतो, आतलं बोटांवर चोळून बघतो आणि वैद्याच्या गांभीर्याने सांगतो, "साहेब, डिझेलला पाणी लागलंय."

बोअरला लागावं म्हणून देव पाण्यात ठेवले, तिथे लागलं नाही. इथे लागलं.

पहिला संशय डिझेलवाल्यावर जातो, कारण तो सोयीचा असतो. पण बहुतेक वेळा गुन्हेगार घरचाच निघतो. टाकी श्वास घेते. दिवसा तापली की हवा बाहेर, रात्री निवली की हवा आत. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आत येणारी हवा म्हणजे निम्मं पाणीच. ते रिकाम्या भागातल्या गार पत्र्यावर थेंब होऊन बसतं, ओघळतं आणि डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी जातं. टाकी जितकी रिकामी, तितका पत्रा उघडा. बॅरल अंगणात उभं ठेवणाऱ्यांचा तर आणखी सुंदर प्रकार असतो. वरच्या कडेत पावसाचं तळं साचतं, रात्री बॅरल आक्रसतं आणि बुचाच्या आट्यांमधून ते तळं आत ओढून घेतं. बूच घट्ट होतं, अशी शपथ नंतर सगळेच घेतात. बॅरल आडवं ठेवावं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊवर, म्हणजे ती आतून डिझेलमध्ये बुडलेली राहतात.

आमची टाकी ९९० लिटरची. हजारला दहा कमी, ही चप्पलवाल्याची युक्ती नव्हे. एका भांड्यात १००० आणि एकूण २५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवायला पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागत नाही, म्हणून हा आकडा. आता टाकी आहे म्हटल्यावर ती भरायला नको? भरली. जनरेटर आठवड्यातून पंधरा मिनिटं रिकामा, म्हणजे काही लोड न देता, फिरवतात, त्याला लागतं लिटरभर. या हिशोबाने साठा एकोणीस वर्षं पुरेल. डिझेल धड राहतं सहा महिने, फार तर वर्षभर. बरं, तसं रिकामं फिरवणं इंजिनालाही वाईटच. महिन्यातून एकदा निदान तीस टक्के लोड देऊन अर्धा तास चालवावं. पण त्यासाठी लिफ्ट जनरेटरवर टाकावी लागते, आणि त्या अर्ध्या तासाला मुहूर्त सापडत नाही.

आजीचे लोणच्याचे नियम इथे जसेच्या तसे लागू पडतात: कोरडी बरणी, कोरडा चमचा, वर हवा कमी. फरक एवढाच की लोणच्याला बुरशी वर येते आणि डिझेलला खाली. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर जिवाणू, यीस्ट आणि बुरशी संसार मांडतात. राहायला पाणी, खायला डिझेल. त्यातली हॉर्मोकॉनिस रेझिनी नावाची बुरशी विमानांच्या टाक्यांतही नांदलेली आहे, तेव्हा आमच्या टाकीला तिने नाकं मुरडायचं कारण नव्हतं. मंडळी जेवून आम्ल सोडतात, त्याने पत्र्याला खड्डे पडतात. आणि जो काळपट, लिबलिबीत शेवाळासारखा थर तयार होतो, तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत, तळातूनच घ्यावा. वरचं डिझेल नेहमीच साजूक दिसतं. तासभर ठेवलं की हिशोब समोर येतो: खाली पाणी, मध्ये कळकट साय, वर डिझेल. ते गढूळच राहिलं तर पाणी त्यात बारीक थेंबांनी मिसळलंय. गजाच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून तळाशी मिनिटभर टेकवली की जिथवर पाणी, तिथवर रंग बदलतो.

आता सफाई. दोन दिवस टाकी हलवायची नाही, मग तळाचा कॉक सोडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत बादलीत काढायचं. इथे टाकी बनवणाऱ्याची अक्कल दिसते. आमचा कॉक तळापासून ५ सेंटिमीटर वर आहे. तळ मीटर बाय मीटर धरला तर ५० लिटर पाणी त्या कॉकच्या खाली सुखाने राहतं आणि आपण वर 'पाणी नाही' म्हणून सही करतो. ते हातपंपाची नळी थेट कोपऱ्यात घालूनच काढावं लागतं. निघालेलं पाणी गटारात सोडायचं नाही; ते घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच द्यायचं.

एवढ्यात कोणीतरी ज्येष्ठ सदस्य सुचवतातच, मलमलच्या फडक्यातून गाळा की. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या. फडक्याने फक्त माशा अडतात.

गाळायचं ते असं: तळातून ओढायचं, आधी पाणी वेगळं करणारा, पारदर्शक वाटीचा ३० मायक्रॉनचा सेपरेटर, मग १०, शेवटी २ ते ५ मायक्रॉनचा पाणी शोषणारा फिल्टर, आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला पृष्ठभागाखाली परत सोडायचं. सेपरेटर पंपाच्या आधी हवा. पंपाने एकदा घुसळलं की पाण्याचे थेंब इतके बारीक होतात की मग ते कुणालाच दाद देत नाहीत. मिनिटाला २० लिटरचा पंप असेल तर पन्नास मिनिटांत एक फेरी होते, आणि कंत्राटदार तेवढ्यावर बिल फाडायला बघतो. पण गाळलेलं डिझेल पुन्हा घाणीतच मिसळतं. एका फेरीनंतर ३७ टक्के तसंच राहतं, तीन फेऱ्यांनंतर ५, पाचनंतर टक्क्याच्या आत. म्हणून पाच फेऱ्या, चार तासांहून थोडं जास्त. टाकी आणि नळी एकमेकींना तारेने जोडून अर्थिंग द्यायची, कारण वाहत्या डिझेलमध्ये स्थिर वीज साचते. भिंतीला चिकटलेला थर पंपाने निघत नाही. डिझेल स्वच्छ बॅरलांत काढून लांब दांड्याने पुसावा लागतो. आत माणूस उतरवायचा नाही, आणि 'जरा बघतो' म्हणत मोबाइलची बॅटरीही आत धरायची नाही. आणि ज्या डिझेलला वॉर्निशचा वास येतो, रंग चहासारखा झालाय, त्याला गाळून तारुण्य येत नाही.

जंतुनाशक सगळ्यात शेवटी, लेबलवर लिहिलंय तेवढंच. आधी टाकलं तर मेलेली पलटण फिल्टरमध्येच येऊन पडते. आणि 'थोडं जास्तच टाकू, असर होईल' हे तर नकोच. २६ फेब्रुवारी २०२० रोजी लंडनच्या गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए३२१ च्या दोन्ही इंजिनांनी आचके दिले, कारण हिशोब चुकून टाकीत जंतुनाशक ३८ पट पडलं होतं. विमान सुखरूप उतरलं. आमचं लिफ्टएवढंच, पण आत व्याही असतात.

नवे फिल्टर घट्ट झाले की हवेचा स्क्रू सैल करून फीड पंपाच्या, म्हणजे इंजिनाकडे डिझेल ढकलणाऱ्या पंपाच्या, बटणाने हवा काढायची. फुग्यांशिवाय धार आली की स्क्रू बंद. सफाईनंतर पहिला फिल्टर काही तासांतच भरतो, म्हणून दोन-तीन जास्त आणावेत. टाकीखाली एका बाजूला पट्टी सारून कॉककडे उतार दिला, आणि श्वासाच्या नळीला सिलिका जेलची डबी लावली, वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरला असते तशी. दाणे निळे ते कोरडे. गुलाबी झाले की बदलायचे.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कॉक सोडून वहीत नोंद करायची, असं वॉचमनला सांगून ठेवलंय. नोंदी आहेत. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, एकाच शाईत, एकाच दमात, पाचही वेळा 'पाणी निल'. मी पेस्टची ट्यूब घेऊन खाली निघालोय.