कठडा पण पाहिजे, काच पण

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून जरा रागच आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं, गाडी पाण्यात गेली तर काय ह्यावर लिहिण्यापेक्षा पुलाला कठडे मागा, आणि आत पाणी भरलं की दाब सारखा होऊन दार आपोआप उघडतं, मी उगाच काचेतनं बाहेर पडा म्हणत काच काच करत बसलोय.

कठड्याचं शंभर टक्के मान्य. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री शिवाजी पुलावरनं मिनीबस पंचगंगेत गेली, १३ माणसं गेली, कोल्हापुरात ते कोण विसरलंय. पण आपल्याकडं किती गावांचा रस्ता बंधाऱ्यावरनंच जातो, आणि तिथं पक्का कठडा घातला की पुरात वाहून आलेली झाडंझुडपं त्यालाच अडकून बसतात. म्हणून गाडीबद्दलपण बोलावं लागतं.

आता दाबाचं. फिजिक्स बरोबर आहे हो तुमचं, टायमिंग चुकतंय. बाहेर दाराला दोन फूट पाणी लागलेलं आणि आत कोरडं असेल तर त्या दारावर ढोबळ दीडशे-पावणेदोनशे किलोचा रेटा असतो, आणि दाब सारखा व्हायचा म्हणजे गाडी जवळपास पूर्ण भरायला पाहिजे, तोवर श्वास कोण धरणार, मागं पोरं असली तर? कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट ह्यांनी खऱ्या गाड्या पाण्यात सोडून बघितल्यात. गाडी साधारण अर्धा ते दोन मिनिटं तरंगते, जे करायचं ते तेवढ्यात. बेल्ट काढा, काच खाली घ्या, आधी पोरं बाहेर, मग आपण. पॉवर विंडो पाण्यात गेल्या गेल्या बंद पडत नाही, पण काचेला पाण्याचा रेटा लागला की तिला काच खाली ओढता येत नाही.

हेडरेस्टनं काच फोडायचा व्हिडिओ तुम्ही टाकलाय, तो मीपण करून बघितला. भंगारवाल्याकडनं एक जुनं दार आणलं, हेडरेस्टचा दांडा चार वेळा घसरला आणि मनगट सुजलं ते वेगळंच, मग दोनशे रुपयांचा स्प्रिंगवाला पंच कोपऱ्यात टेकवून दाबला तर टक्क, सगळा भुगा मांडीवर. पण हे फक्त टेम्पर्ड काचेला लागू, म्हणजे फुटली की असा बारीक भुगा होणाऱ्या काचेला. अमेरिकेतल्या एएए ह्या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१९ ला असली सहा टूल तपासली, चारांनी टेम्पर्ड फोडली, लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, एकालापण फुटली नाही. आणि आता महागड्या गाड्यांत बाजूच्या काचापण लॅमिनेटेड येतात, आवाज कमी येतो म्हणून! शांत गाडी पाहिजे तर घ्या की, पण कंपन्यांनी निदान एक काच तरी फुटणारी ठेवावी आणि कुठली ते गिऱ्हाईकाला सांगावं, आणि आत पाणी आल्याचं कळलं की काचा आपणहून खाली याव्यात, पावसाचे थेंब ओळखून वायपर चालू करता येतो तर हे का जमू नये?

काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यात बहुतेक वेळा टेम्पर्ड का लॅमिनेटेड ते लिहिलेलं सापडतं. मी काल पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च मारून वाचत होतो तर वॉचमन मागं येऊन उभा, चोरच समजला. माझ्या चारी दारांना टेम्पर्ड निघाली. तुमच्या गाडीचं बघून इथंच खाली टाका.