‘रात्रभर एसी फुकट’: मुक्कामाच्या गाडीच्या वायरिंगबद्दलचा एक लाडका मजकूर

ट्रॅव्हलर, विंगर किंवा बोलेरोची मुक्कामाची गाडी, म्हणजे आतच झोपता-राहता येईल अशी गाडी, करून घेणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फार फिरतोय. तो थोडक्यात असा: ‘टपावर ४०० वॅटचं पॅनल टाका, आत २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि घरातला इन्व्हर्टर ठेवा. बॅटरी थेट डायनॅमोला जोडा. एमपीपीटी, डीसी-डीसी चार्जर, फ्यूज हे दुकानदारांचे चोचले आहेत. १२ व्होल्टला शॉक लागत नाही, म्हणजे धोका शून्य. रात्रभर एसी फुकट, आणि एकदा बसवलं की दहा वर्षं बघायला नको.’

मजकूर पटतो, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या गोष्टीचं शेपूट धरून आलेलं आहे. एकेक घेऊ.

‘रात्रभर एसी.’ २०० अँपिअर-तास गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे २,५६० वॅट-तास. बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते, आणि इन्व्हर्टर दहा-बारा टक्के स्वतः खातो. हातात येतात साधारण २,००० वॅट-तास. एक टनाचा इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर चारशे-पाचशे वॅटवर स्थिरावतो असं धरू, पण पत्र्याची गाडी ही खोली नव्हे; दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत आत उष्णता ओततच असतो. तरी उदारपणे ५०० वॅट धरले, तर आठ तासांना ४,००० वॅट-तास लागतात. म्हणजे रात्री दहाला लावला तर दोनच्या सुमारास एसी बंद, आणि सकाळी चहाच्या इंडक्शनलाही वीज नाही.

आणि रिकामी झालेली ती बॅटरी पॅनल दुसऱ्या दिवशी भरून देईल का? पॅनलवरचे ४०० वॅट मोजलेले असतात ते प्रयोगशाळेत, सेलचं तापमान २५ अंश धरून. मे महिन्यात टपावरचं पॅनल ६०-६५ अंशांपर्यंत जातं आणि दर अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के घटतं. महाराष्ट्रात दिवसाला सरासरी पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं आणि उष्णता, धूळ, वायर यांची घट काढली, तर १,४०० वॅट-तास मिळतात. पावसाळ्यात कोकणात याच्या निम्मेही मिळाले तर नशीब.

पण १,४०० हा आकडा वाईट नाही! १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रीज दिवसाला सहाशेच्या आसपास घेतो, दोन पंखे रात्रभर चारशे, दिवे, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून दोन-अडीचशे. म्हणजे एसीचा हट्ट सोडला, तर उन्हाळ्यात गाडी सूर्यावर आरामात राहते. मजकूर एवढंच म्हणाला असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

‘घरातला इन्व्हर्टर चालतो.’ चालतो, पण काहीही न चालवता चालू ठेवला तरी तो सहज वीस वॅट घेतो. चोवीस तासांचे ४८० वॅट-तास झाले, पॅनलच्या कमाईचा तिसरा हिस्सा. पंखे, दिवे, फ्रीज १२ व्होल्टवरच ठेवावेत आणि इन्व्हर्टर लागेल तेव्हा बटणाने चालू करावा. शिवाय घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर बहुधा ट्यूब्युलर, म्हणजे शिशाच्या, बॅटरीसाठी असतो. लिथियमची सेटिंग नसेल तर त्या चार्जरला बॅटरीपासून दूर ठेवलेलं बरं.

‘एमपीपीटी म्हणजे चोचला.’ छतांवर दिसणारं आजचं ४०० वॅटचं पॅनल साधारण ३१ व्होल्टला १३ अँपिअर देतं. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये एक कंट्रोलर लागतो. त्यातला स्वस्तातला, पीडब्ल्यूएम, पॅनलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो: १३ व्होल्ट, साडेतेरा अँपिअर, म्हणजे पावणेदोनशे वॅट. निम्म्याहून जास्त पॅनल टपावर नुसतं ओझं. एमपीपीटी हा महागडा कंट्रोलर तेच ३१ व्होल्ट खाली आणताना अँपिअर वाढवतो. जुन्या १८ व्होल्टच्या छोट्या पॅनलांना पीडब्ल्यूएम बरा चालायचा, तिथून हा समज आला असावा.

सावलीचं मजकुरात नावच नाही. दिवेआगरला माणसं गाडी लावतात ती सुरूच्या बनात, सावलीसाठी, आणि मग पॅनल चालत नाही म्हणून वायरमनला फोन करतात. एखाद्या फांदीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या पट्ट्यातले सगळे सेल गळपटतात. (माडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर सावलीपेक्षा नारळाची काळजी करावी.)

आता ‘थेट डायनॅमोला जोडा.’ या सल्ल्याने खरं नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

जुन्या सुमो-ट्रॅक्सच्या काळात हा सल्ला ठीक होता. मागे दुसरी शिशाची बॅटरी, मध्ये एक रिले (विजेवर चालणारा स्विच), झालं काम. शिशाची बॅटरी भरत आली की आपोआप कमी करंट ओढते, आणि तेव्हाचे डायनॅमो, म्हणजे खरं तर अल्टरनेटरच, १४ व्होल्टच्या आसपास स्थिर असायचे. गाड्यांत बसवतात त्या लिथियम बॅटरीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा, अंतर्गत रोध फार कमी असतो. रिकामी असेल तर मिळेल तेवढा करंट ती ओढते आणि जवळजवळ भरेपर्यंत ओढतच राहते. अल्टरनेटर थंड ठेवणारा पंखा त्याच्याच शाफ्टवर फिरतो. गाडी आयडलला उभी असते तेव्हा पंखा सर्वांत मंद आणि मागणी सर्वांत जास्त. ‘बॅटरी उतरलीय, तासभर इंजिन चालू ठेवून चार्ज करू’ म्हणणारा नेमकी हीच परिस्थिती तयार करतो. मग डायोड जातात, नाहीतर वायंडिंग जळतं.

बीएस-सिक्सच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, बऱ्याच गाड्यांमध्ये अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. डिझेल वाचवायला तो हायवेवर साडेबारा-तेरापर्यंत उतरवतो, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पंधराच्या घरात नेतो. पहिल्या वेळी लिथियम भरतच नाही. दुसऱ्या वेळी व्होल्टेज तिच्या १४.६ च्या मर्यादेच्या वर जातं आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट, तिची जोडणी तोडून टाकतं. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सरही असतो. मागच्या सिस्टीमची निगेटिव्ह त्या टर्मिनलच्या खुंटालाच कसली, तर कॉम्प्युटरचा हिशेब चुकत जातो. ती बॉडीच्या अर्थ पॉइंटवर घ्यावी.

मध्ये काहीच न टाकता गाडीची आणि मागची अशा दोन्ही बॅटऱ्या जोडल्या, तर रात्रीचा फ्रीज दोन्हींना मिळून रिकामं करतो आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. तारकर्लीच्या वाळूत धक्का मारायला माणसं गोळा करून बघा.

डीसी-डीसी चार्जर या सगळ्यावर एका डब्यात उत्तर देतो. समोरून काहीही येवो, मागे तो लिथियमला हवं तेवढंच व्होल्टेज आणि ठरलेलाच करंट देतो, आणि इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करतो. बीएस-सिक्स गाडीत व्होल्टेज वरखाली होत असल्याने इंजिन चालू आहे हे त्याला कळावं म्हणून इग्निशनची वायर द्यायला विसरू नये. ३० अँपिअरचा चार्जर सात तासांत २१० अँपिअर-तास देतो. पुण्याहून मालवण गाठेपर्यंत रिकामी बॅटरी जवळपास भरलेली. गाडी पळते त्या दिवशी अल्टरनेटर, उभी राहते त्या दिवशी सूर्य. हे गणित मांडलं की हजार वॅटची पॅनलं टपावर चढवायची गरजही उरत नाही.

‘१२ व्होल्टला शॉक लागत नाही, म्हणून फ्यूज नको.’ पहिला भाग बरोबर, निष्कर्ष भयंकर. फ्यूज माणसाला शॉकपासून वाचवायला नसतोच, तो वायरला आगीपासून वाचवायला असतो. २,००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर पावणेदोनशे अँपिअर ओढतो. त्याला ५० ते ७० स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) केबल लागते. वायर पत्र्यावर घासून सोलली गेली, तर लिथियम बॅटरी त्या शॉर्टमध्ये हजारो अँपिअर ओतू शकते. इन्सुलेशन पेटतं, शेजारी प्लायवुड आणि फोमची गादी असते, आणि दार बहुधा एकच. ‘बीएमएस आहे की!’ असं उत्तर येतं. बीएमएसमधले मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बिघडताना बऱ्याचदा बंद न होता चालूच अडकतात. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. पुढून मागे जाणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना हवा, कारण बॅटरी दोन्ही टोकांना आहे. घरातला एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) त्याजागी लावू नये: घरातला एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा, करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते, डीसीत ती तशी विझत नाही. डीसीचं रेटिंग छापलेलाच घ्यावा.

शॉकबद्दल म्हणायचं, तर इन्व्हर्टरच्या पलीकडे २३० व्होल्ट आहेतच, आणि तेही पत्र्याच्या डब्यात. तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवा आणि अर्थिंग-न्यूट्रलची जोडणी इन्व्हर्टरच्या पुस्तिकेप्रमाणे जाणत्याकडूनच करून घ्यावी.

घरातली अडीच स्क्वेअरची वायर पुढून मागे ओढणारे अजून भेटतात. जायची-यायची मिळून १० मीटर वायर आणि ३० अँपिअर करंट धरा: अडीच स्क्वेअरमध्ये २.१ व्होल्ट वाटेतच जातात. वायरही तिच्या मर्यादेपलीकडे तापते. सोळा स्क्वेअरमध्ये तूट एक-तृतीयांश व्होल्टवर येते.

‘दहा वर्षं बघायला नको.’ रस्त्यांच्या कृपेने लगचे (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीचे) नट ढिले होतात, आणि ढिला सांधा तापतो. कोकणातली खारी हवा उघड्या तांब्याला हिरवं करते. मोठ्या मुक्कामाआधी सगळे सांधे कसून घ्यावेत. मग इन्व्हर्टरवर पंधरा मिनिटं इंडक्शन चालवावी, ती बंद करावी आणि लगेच प्रत्येक सांध्याच्या इन्सुलेशनवर हाताची पाठ टेकवावी. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो उघडून पुन्हा क्रिंप करावा, म्हणजे लग वायरवर घट्ट दाबून बसवावा. स्पिती-लडाखला निघालेल्यांनी आणखी एक बघावं: शून्याखाली लिथियम आयर्न फॉस्फेट चार्ज करायची नसते, त्यामुळे बीएमएसमध्ये थंडीचा कट-ऑफ आहे की नाही हे विकत घेतानाच विचारावं.